कासऱ्याचा हात

मी मारायचो. आता लपवून काय करायचं? हातभर दोराच्या टोकाला गाठ मारलेली होती, आणि सुकाणूच्या दांड्यावर ज्याचा हात चुकला त्याच्या बोटांवर ती सपकन बसायची. कोकणातल्या खाडीत ज्यानं मला शिडाची होडी शिकवली, त्यानंही अशीच शिकवली होती. पंधरा वर्षं तिकडे काढून मी परत आलो, दिग्रसजवळच्या धरणावर नवख्यांना शिकवायला लागलो. समुद्र तिकडेच राहिला, दोर तेवढा सोबत आणला.

आमच्या लोकांची चूक ठरलेली. सगळे बैलबंडी हाकलेले. उजवीकडे वळायचं तर उजवा कासरा ओढायचा, हे हाडात मुरलेलं. होडीत नेमकं उलटं. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. हे मी शंभरदा तोंडानं सांगायचो, एकशे एकाव्या वेळी दोरानं.

एका तुकडीत तिशीची एक बाई होती. दारव्ह्याकडच्या खेड्यातून जीपनं यायची. बापाची बैलजोडी तिनंच हाकलेली, मनगटं माझ्यापेक्षा जाड. आमच्या केंद्रावर शिकवायला मदतनीस हवी होती, आणि मी पास केलं तर ती जागा तिची होती. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं, "सर, पास झाली तं इथं पगार, नाही तं पुन्हा लोकाच्या वावरात निंदण. मले ते आता करायचं नाही."

"मंग कासरा इसर," मी म्हटलं.

ती कुठली विसरते! बोटांची पेरं सुजली, काळीनिळी झाली. बाकीचे हात झटकायचे, तोंडातल्या तोंडात मला शिव्या घालायचे. ही हात दांड्यावर तसाच ठेवून माझ्याकडे बघायची, आणि त्यानं माझं डोकं आणखी फिरायचं. एकदा म्हणाली, "सर, मारता कायले? उलटं काहून जाते ते समजावून सांगा ना."

"समुद्र समजावून सांगत नाही!" मी ओरडलो आणि आणखी एक ठेवून दिली. तेव्हा फार मोठं बोललो असं वाटलं होतं. आज आठवलं की लाज वाटते.

परीक्षेच्या दिवशी होडीत आम्ही दोघंच. तिच्या अंगात लाइफ जॅकेट, माझ्या नाही. धरणाच्या पाण्यात मला कायले जॅकेट! दुपारी वारं उठलं, पाठीमागून आलं. "डावीकडे!" मी उभा राहून ओरडलो आणि दोर उगारला. तिची नजर दोराकडे गेली, अन् हातानं जुनंच केलं. दांडा डावीकडे ओढला. होडी गर्रकन उजवीकडे फिरली, शीड पलटलं, आणि शिडाखालचा आडवा दांडा माझ्या कानशिलावर आदळला.

वर आलो तेव्हा तोंडात रक्त आणि पाणी. डावा खांदा उचलत नव्हता. होडी तिला घेऊन लांब चालली होती. ती दांडा ओढत होती, होडी आणखीच लांब जात होती. मी मरतो आता, हे मला अगदी स्वच्छ कळलं. आणि मारणारी माझीच शिकवण होती.

मग ती थांबली. दांडा दोन्ही हातांनी धरला आणि ओढायच्या ऐवजी लोटला. होडी वळली. दोनदा माझ्या बाजूनं निघून गेली, तिसऱ्यांदा नेमकी आली. मी हाताला आलं ते धरलं, ते निघालं सुकाणू. होडी जागच्या जागी फिरायला लागली, आडवा दांडा तिच्या डोक्यावरून धाडधाड इकडून तिकडे.

"सर, सुकाणू सोडा! हात सोडा!"

बुडता माणूस ऐकतो होय? तिनं होडीच्या तळातून माझाच दोर उचलला आणि गाठीकडून माझ्या बोटांवर हाणला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा बैलं हाकलणाऱ्या पूर्ण ताकदीनं. हाड वाजलेलं मला ऐकू आलं. हात सुटला, तसं तिनं केसाला धरून मला सोयाबीनच्या पोत्यासारखं आत ओढलं.

ओकून झाल्यावर मी विचारलं, "कसं जमलं?"

"रिकामी बंडी जू धरून कोठ्यात मांगं लोटतो ना आपण? जू डावीकडे दाबलं का बंडीचं बूड उजवीकडे जाते. तसंच हाये हे. तुमी बंडीचं कधी बोललेच नाही, सर. नुसते मारत राह्यले."

अरे देवा! अशा किती बंड्या लहानपणी मी स्वतः लोटल्या असतील. मला कधी सुचलं नाही. हातात दोर होता ना, सुचायची गरजच पडली नाही.

दोन बोटं मोडली होती. तिच्या कागदावर सही डाव्या हातानं केली. दोर तिनं पिशवीत टाकला. मी मागितला नाही.

आठवड्यानं पुन्हा पाण्यावर गेलो, त्याच तुकडीतला एक गडी घेऊन. ती मदतनीस म्हणून सोबत. गड्यानं दांडा कासऱ्यासारखा ओढला, आणि माझा प्लॅस्टरमधला हात आपोआप वर गेला. गड्यानं दांडा सोडूनच दिला, दोन्ही हात काखेत दडवले. होडी भरकटायला लागली.

तिनं सरकून दांडा धरला. "भेऊ नका भाऊ," ती म्हणाली. "दोर माह्यापाशी हाये."