दोन माणसांचं घरकुल

सोमारीला कोणी भित्री म्हटलं तर टोल्यावरची कुत्रीसुद्धा हसतील. पोंभुर्ण्याच्या पुढं जंगलात चारदोन घरांचा हा टोला आहे आणि तिथं सोमारीच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नाही. तेंदूपत्त्याच्या फडीवर पानं मोजून घेणारा मुनशी इतरांचे पुडे खराब म्हणून बाजूला काढतो, पण सोमारीच्या पुड्याला हात लावताना आधी तिच्याकडं बघतो. सरपंचाला ती अरेतुरे करते. वाघाच्या वाटेनं मोहफुलं वेचायला जाते आणि जाताना खुशाल गाणं म्हणते.

ती भ्यायची फक्त आपल्या घराच्या भिंतीला. कुडाची भिंत, वर कवेलू, मागं नाला. गेल्या पावसाळ्यात नाल्याकडची बाजू रात्रीतून खाली बसली, ती नेमकी तिच्या अंथरुणावर. सोमारी त्या वेळी बकरी बांधायला उठली होती म्हणून वाचली. तेव्हापासून तिथं ताडपत्री लावली आहे. पुढचा पावसाळा या घरात निघणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. सरकारी घरकुलाच्या यादीत नाव होतं, पण ते गोगलगायीच्या चालीनं वर सरकत होतं. दर ग्रामसभेला ती पुढच्या सतरंजीवर बसायची आणि एकच विचारायची, "माहा नंबर कुठवर आला?"

आता तिच्या नवऱ्याचं सांगितलं पाहिजे. मंगरू तापानं गेला, त्याला बरीच वर्षं झाली. पण टोल्यावरच्या लोकांत माणूस पुरला म्हणजे संपला, असं नसतं. दिवस झाले की घरची माणसं नाल्यावर जातात, पळसाच्या पानाचा द्रोण पाण्यात धरतात आणि गेलेल्याला हाक देतात. मासोळी, झिंगा, जे पहिलं द्रोणात येईल तो त्याचा जीव. त्याला घरी आणून मधल्या खांबाशी ठेवतात. मग तो पुन्हा घरचाच. सोमारीनं पहिली हाक दिली आणि इवलासा झिंगा आपणहून द्रोणात येऊन बसला. शेजारची म्हातारी बुधरी तेव्हा सोबत होती. ती अजून सांगते, "जसा काही वाटच पाहून राह्यला होता."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सोमारी खांबाशी पानावर भात ठेवते. तिच्या घरात मुंग्या इतक्या, की गुळाची पुडी दोरीला टांगावी लागते. पण त्या भाताला कधी मुंगी लागली नाही. कोंबड्या खांबाला वळसा घालून जातात. दिवस मावळला की चटई सरकल्यासारखी होते, कधी आतून खोकल्याचा आवाज येतो. दुसरी कोणी असती तर माहेरी पळून गेली असती. सोमारी चुलीपुढूनच ओरडते, "म्हटलं होतं ना, बिडी कमी पेत जा!"

अशा बाईला घरकुलाची यादी करायला आलेल्या सर्वेवाल्यानं विचारलं, "घरात किती जन?" तर ती काय सांगणार? "दोघं," सोमारी म्हणाली. "मी आन् आमचा बुढा."

"कुठी आहे?"

"आतमंदी."

सर्वेवाल्याला ऊन लागत होतं, तो आत डोकावला नाही. नवऱ्याचं नाव सोमारीनं उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. बायकांनी ते घ्यायचं नसतं. म्हणून बुधरीनं सांगितलं, "मंगरू." मंगरूचा मृत्यू कुठं नोंदवायचा असतो हे टोल्यावर कोणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा घरातला कर्ता पुरुष म्हणून यादीत मंगरूचंच नाव लागलं.

आणि या उन्हाळ्यात घरकुल मंजूर झालं. मंगरूच्या नावानं.

फोटो काढायला प्रफुल आला. घरकुलाचा इंजिनिअर, चंद्रपूरचा पोरगा, स्वभावानं चांगला. जुन्या घरापुढं घरमालकाला उभं करून मोबाईलवर फोटो घ्यायचा, मग पुढचं काम. तो म्हणाला, "बाई, मंगरूभाऊले बोलवा."

तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला.

"आहेत ना घरी! बरं नाई काय त्याईले?" असं म्हणत प्रफुल वाकून आत शिरला. आत चूल होती, ताडपत्री होती, मधला खांब होता. खांबाशी पानावर कालचा भात तसाच पांढरा होता. दुसरं दार नव्हतं. प्रफुल बाहेर आला तेव्हा भर उन्हात त्याच्या हातावर काटा उभा होता. मग बुधरीनं त्याला सगळं सांगितलं.

त्यानं मोटारसायकलला टेकून मोबाईल उघडून पाहिला. शेवटी म्हणाला, "बाई, मी तुमचं खोटं म्हनत नाई. पन मोबाईल नाई मानत ना! तुमच्या नावानं करता येते. मोबाईलसमोर सांगा लागते, का माझे पती मंगरू वारले, या घरात माझ्याशिवाय कोनी राहत नाई. इथीच, घरापुढं उभं राहून. या आठवड्यात झालं नाई तर नाव कटते, घर यादीतल्या खालच्याले जाते."

"पंचायतीत येऊन सांगतो. तिथी सांगतो ना."

"मोबाईलले जागा इथलीच लागते, बाई."

ज्याला हाक मारून घरी आणलं, त्याच्याच दारात उभं राहून तो नाही म्हणायचं? तेही नाव घेऊन? दोन दिवस सोमारीला घास गेला नाही. ती भिंतीकडं बघायची, मग खांबाकडं बघायची.

तिसऱ्या दिवशी तिनं युक्ती काढली. अशी युक्ती तिलाच सुचावी. प्रफुल यायच्या आधी ती खांबाशी बसली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "आज नाल्यावर जा. मासोळ्या आन. दिवसभर तिथीच राह्य, घाई करू नोको." थोड्या वेळानं ताडपत्री हलली. वारा नव्हता. घर एकदम मोकळं झाल्यासारखं वाटलं आणि सोमारीनं सुटकेचा निःश्वास सोडला. त्याच्या कानावर पडायचं नाही, मग काही बिघडायचं नाही.

प्रफुलनं मोबाईल धरला. सोमारी दारापुढं उभी राहिली आणि ओठातल्या ओठात पुटपुटली.

"आवाज नाई आला, बाई. थोडं मोठ्यानं."

ती पुन्हा बोलली. मोबाईलनं तेही घेतलं नाही.

"अजून मोठ्यानं. एकदाच बोला, मंग झालं."

सोमारीनं डोळे मिटले आणि जंगलात हाक द्यावी तशी ओरडली, "माहा नवरा मंगरू मेला! या घरात माह्याशिवाय कोनी राहत नाई!"

तिच्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच असं उघड निघालं होतं. आवाज घरावरून मागं नाल्याकडं गेला. नाल्यावर टिटवी ओरडत होती, ती थांबली. शेळ्या चरायच्या थांबल्या. मग नाल्याच्या बाजूनं, पाण्यात काही पडावं तसा एकच आवाज आला. बुधरीनं पदर तोंडाशी धरला.

"आला आवाज," प्रफुल म्हणाला.

त्या संध्याकाळी सोमारीनं खांबाशी भात ठेवला. चटई सरकली नाही. ती चुलीपुढं बसून खोकल्याची वाट बघत राहिली, मुद्दाम एकदा बिडीवरून बोललीही. सकाळी उठून बघते तर पानावर भात दिसेना, नुसत्या मुंग्या. बुधरीला घेऊन ती नाल्यावर गेली, द्रोण पाण्यात धरला, हाका मारल्या. नाला मासोळ्यांनी बुजबुजला होता. द्रोणाजवळ येऊन त्या वळत होत्या. घसा बसेपर्यंत हाका मारल्या, तरी द्रोण रिकामाच राहिला.

पावसाळ्याआधी घरकुल उभं राहिलं. विटांच्या भिंती, वर पत्रा, बाहेर रंगानं सोमारीचं नाव. जुना खांब तिनं मोडू दिला नाही, आतल्या कोपऱ्यात उभा करून ठेवला. पहिला पाऊस झाला, भिंतीला ओल आली नाही. लोक बघायला आले, चांगलं म्हणाले.

शेवटचा फोटो काढायला प्रफुल आला तेव्हा सोमारी नीट लुगडं नेसून दारात उभी राहिली. फोटो झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "बाबू, मी त्या दिवशी बोललो ते मोबाईलात अजून आहे काय?"

"आहे ना, बाई."

"ते पुसता येते काय? आता घर तं झालं."

प्रफुलनं मान खाली घातली. "नाई, बाई. एकदा जमा झालं का आपल्या हातात राहत नाई."

"बरं," सोमारी म्हणाली. मग ती आत गेली आणि खांबाशी बसून भातावरच्या मुंग्या झाडू लागली.