मागून बसलेला तडाखा

बॅडमिंटनच्या सभागृहात वजनमापे निरीक्षकाला तोंडावर सगळे ‘साहेब’ म्हणत आणि त्याची पाठ वळली की ‘नियमबुवा’. दोन्ही संबोधने त्याला ठाऊक होती. दुसऱ्याचा तर छुपा अभिमानही होता. दुकानदारांचे काटे तपासायचे, खोट आढळली की शिक्का मारायचा नाही आणि कुणाचा नमस्कार चहापर्यंत पोहोचू द्यायचा नाही, ही त्याची नोकरीतली रीत. तीच त्याने क्लबातही चालवली. छप्पर गळते, दिवे मिणमिणतात, कोर्टाची लाकडी जमीन घासून गुळगुळीत झाली आहे, अशा प्रत्येक गोष्टीची त्याने व्यवस्थापक मंडळाकडे लेखी तक्रार केली होती. त्या तक्रारींचे मंडळाने काय केले, हे मंडळालाच ठाऊक. छप्पर गळतच राहिले.

अशा माणसाच्या जोडीला कोण उभा राहणार? एक चष्मेवाला राहिला. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचे चष्म्यांचे दुकान होते. डावखुरा, ढेरपोट्या आणि नाड्यांचा शत्रू. त्याचे बूट चिकटपट्टीचे असत. “नाडी बांधायला वाकलो, तर पुन्हा सरळ व्हायला मला मंडळाकडे अर्ज करावा लागेल,” असे तो म्हणे, आणि एरवी कुणाच्या विनोदाला न हसणारा निरीक्षक त्यावर दर वेळी हसे. पत्नी गेल्यापासून दिवसभरात त्याला ‘अरे’ म्हणणारे तेवढे एकच माणूस उरले होते. धाकटी बहीण होती. पण ती दूर, आणि तिचे ‘दादा’ फोनमधून येई.

त्या सकाळी खेळ रंगात होता. शटलचे फूल उंच उडून मागच्या रेषेकडे निघाले. “माझं!” असे ओरडून निरीक्षक मागे सरला, उडी घेण्यासाठी त्याने डाव्या पायावर जोर दिला, आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. टाचेच्या मागे कुणीतरी सोटा हाणल्यासारखा तडाखा बसला. तो कोसळला. पडल्यापडल्या त्याने बोट रोखले ते चष्मेवाल्यावर.

“मारलीस! मागून रॅकेट मारलीस!”

“अरे, मी?”

“मग कोण? तुझा तो डावा हात! मागे एकदा माझ्या कानावरून गेला होता, विसरलास?”

मग सभागृहातला प्रत्येक जण डॉक्टर झाला. एकाने अंगठा धरून पाय खेचला. दुसऱ्याने मलम लावून पोटरी कणीक मळावी तशी मळली. तिसरा गरम पाण्याची पिशवी घेऊन धावत आला. ताज्या दुखापतीला चोळणे आणि शेकणे म्हणजे आतल्या सुजेला आमंत्रण देणे. बर्फ लावावा, पाय उंच ठेवावा आणि माणसाला गप्प पडू द्यावे, एवढी साधी गोष्ट त्या सुशिक्षित मंडळींपैकी एकालाही सुचली नाही. “चोळू नका रे,” असे एकटा चष्मेवाला म्हणत राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानेच निरीक्षकाला खांद्याचा आधार देऊन गाडीत बसवले आणि जवळच्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी खुर्चीतून उठण्याचे कष्ट न घेता ‘मुरगळलाय’ असा निर्वाळा दिला आणि ताणपट्टी व वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. परतीच्या वाटेवर निरीक्षक खिडकीबाहेर तोंड करून बसला. दारापाशी सोडताना चष्मेवाला म्हणाला, “काही लागलं तर फोन कर. आणि रागाव हवा तेवढा, पण पाय वर ठेव.”

पाय त्याने वर ठेवला. दुपारभर तो स्टुलावर टेकवूनच त्याने तक्रार लिहिली. आधी कच्ची, मग पक्की. ‘निष्काळजीपणे’ हा शब्द त्याने खोडला आणि बऱ्याच विचारांती ‘निष्काळजीपणे, किंबहुना हेतुपुरस्सर’ असा केला. सही करताना त्याला खरोखर बरे वाटले.

आणि ज्या मंडळाला गळके छप्पर कित्येक वर्षे दिसले नव्हते, त्या मंडळाने या तक्रारीची तत्काळ दखल घेतली. चष्मेवाल्याला ना बोलावले, ना विचारले. तक्रारीची नक्कल जोडून थेट वर्षभराच्या बंदीचे पत्र धाडले. नियमबुवाला एकदाचे खूश करायला मिळत होते, तेही दुसऱ्याच्या खर्चाने. अशी संधी कोणते मंडळ सोडते?

सूज ओसरली, पण पाय कामाला येईना. बहीण आली. दारातून आत पाऊल टाकताच तिने दादाची चाल पाहिली.

“दादा, टाच उचलून दाखव.”

“दुखतं.”

“दुखतं म्हणून उचलत नाहीस, की उचललीच जात नाही?”

निरीक्षकाने प्रयत्न केला. टाच जमिनीला खिळल्यासारखी राहिली.

“मुरगळलेला पाय म्हणे! आणि तू ते ऐकून घेतलंस? जगाचे काटे तपासतोस, स्वतःचा पाय तेवढा तपासून घेता येत नाही!”

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला पालथे झोपवले, दोन्ही पावले पलंगाच्या कडेबाहेर काढली आणि पोटऱ्या एकेक करून दाबल्या. उजवी दाबताच पाऊल मान डोलवावी तसे हलले. डावी दाबली; पाऊल खुंटीला लटकवल्यासारखे निश्चल.

“मागून कुणीतरी मारलं असं वाटलं का?” बाईंनी विचारले.

“वाटलं नाही, मारलंच. जोडीदारानं.”

बाई हसल्या. “सगळे हेच सांगतात हो! एक गृहस्थ रिकाम्या मैदानावर एकटेच धावत होते, तरी दगड कुणी मारला म्हणून झुडपं धुंडाळत बसले. एका बाईंनी जावेशी बोलणं टाकलं. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड कंडरा असते, ती तुटली की अगदी तसाच तडाखा बसतो. पण बसतो आतून. मागे कुणी नसतंच.”

निरीक्षक पालथा होता, हे बरेच झाले. त्याला फक्त फरशी दिसत होती आणि त्याचा चेहरा कुणालाच दिसत नव्हता.

शस्त्रक्रिया झाली, कंडरेची तुटकी टोके शिवली गेली. चवड्यावर उभे राहावे तसे पाऊल खाली वळवून प्लास्टर घातले. बहिणीला तिचा संसार होता, ती गेली. मग सुरू झाले ते दिवस, ज्यांची कल्पना निरीक्षकाने कधी केली नव्हती. दोन्ही हात कुबड्यांत अडकलेल्या माणसाला चहाचा कप ओट्यावरून टेबलापर्यंत नेता येत नाही, ही गोष्ट कोणत्याही डॉक्टरने त्याला सांगितली नव्हती. नेऊन देणारे कुणीतरी घरात असतेच, असे सगळे गृहीत धरतात. तो ओट्यालाच कंबर टेकून, एका पायावर उभ्याने चहा पिई. क्लबातून कुणी फिरकले नाही. आजवर इतक्या जणांशी पत्रव्यवहार केला, पण गप्पा मारायला म्हणून फोन करावा असा नंबर एकच होता, आणि तो लावायला त्याचे बोट धजत नव्हते.

त्याने क्लबाच्या चिटणिसाला फोन केला.

“मला ती तक्रार मागे घ्यायची आहे.”

“घेता येणार नाही, साहेब.”

“का? तक्रारदार मी आहे.”

“कार्यवाही झालेली तक्रार मागे घेता येत नाही. तसा नियम आहे.”

“कुणी केला हा नियम?”

चिटणीस किंचित खोकला. “आपणच, साहेब. मंडळ तक्रारदारांवर दबाव आणतं, म्हणून आपणच भांडून घालून घेतला होता. फारच बारकाईनं लिहिलाय. पळवाट नाही.”

निरीक्षकाने फोन ठेवला. कार्यालयाला उद्देशून तो कितीही पाने लिहू शकला असता. मित्राला उद्देशून त्याला एक वाक्य सुचेना.

प्लास्टर निघाले, गुडघ्यापर्यंतचा ताठ बूट आला. त्याच्या टाचेखाली पाचरा होत्या. जोडलेली कंडरा हळूहळू ताणली जावी म्हणून त्या एकेक करून काढायच्या. व्यायाम शिकवणाऱ्या बाई शेवटी म्हणाल्या, “आता घरी भिंतीला हात टेकून टाच उचलायची. पण मागे कुणीतरी उभं राहू दे हं. तोल गेला तर धरायला. आहे ना कुणी?”

“आहे,” निरीक्षक म्हणाला, आणि घरी येऊन त्याने स्वतःच्या मागे जेवणाच्या टेबलाची खुर्ची ठेवली.

ज्या दिवशी बुटाशिवाय बाजारापर्यंत चालता आले, त्या दिवशी तो चष्म्यांच्या दुकानात गेला. चष्मेवाला काच पुसत होता. त्याने मान वर केली.

“या. बसा. नंबर तपासायचाय?”

बसा! निरीक्षक इतका गडबडला की ‘हो’ म्हणून गेला. मग आतल्या अंधाऱ्या खोलीत यंत्रावर हनुवटी टेकून बसणे आले. चष्मेवाल्याचा चेहरा हातभर अंतरावर होता. “हे स्पष्ट, की हे?” तो विचारत होता. “आता? आणि आता?”

“माझी चूक झाली,” निरीक्षक यंत्रातूनच म्हणाला. “मला कुणी मारलं नव्हतं. ती कंडरा...”

“ठाऊक आहे. तुमच्या बहिणीनं फोन करून सांगितलं. खालची ओळ वाचा.”

निरीक्षकाने खालची ओळ वाचली.

“फूल मागे गेलं तेव्हा मी कुठं होतो?”

निरीक्षकाने आठवले. इतके दिवस त्याने सगळे आठवले होते, हे तेवढे सोडून. “जाळ्यापाशी.”

“जाळ्याकडे तोंड करून. तुमच्या पुढं. पुढच्या माणसानं मागून कसं मारायचं, हे कुठल्या नियमात बसवलंत?” चष्मेवाल्याने भिंग बदलले. “ओरडलात, त्याचं काही नाही. जीव कळवळला की माणूस आईलासुद्धा शिव्या देतो. पण नंतर पंख्याखाली बसून लिहिलंत. पक्की प्रत काढलीत. हेतुपुरस्सर!” त्याने दिवा लावला. “नंबर बदललेला नाही. आहे तोच चष्मा चालेल.”

दारापाशी निरीक्षकाने विचारले, “बंदी संपल्यावर खेळायला येशील?”

“नाही. मी आता सकाळी तळ्याच्या कडेनं चालतो.”

“मलाही डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.”

“रस्ता सगळ्यांचा आहे,” चष्मेवाला म्हणाला आणि पुन्हा काच पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याकाठी चष्मेवाला दिसला. पाठमोरा, बराच पुढे. निरीक्षकाने हाक मारली नाही. कोणत्या नावाने मारावी, हेच त्याला ठरवता येईना. तो मागून चालू लागला. दुरुस्त झालेला पाय अजून जमिनीला ढकलत नव्हता, नुसता पडत होता. दर पावलागणिक अंतर वाढत गेले. वळणापाशी चष्मेवाला दिसेनासा होणार, असे वाटले.

तेवढ्यात तो थांबला. खाली वाकला आणि बुटाशी काहीतरी करू लागला. बूट तेच होते, चिकटपट्टीचे. ढेरी सांभाळत तो बराच वेळ वाकून राहिला. मागच्या लंगड्या पावलांचा आवाज पुरेसा जवळ आल्यावर तो उठला, आणि मागे न पाहता, पूर्वीच्याच वेगाने चालू लागला.

निरीक्षक मागोमाग निघाला. अंतर पुन्हा वाढू लागले.