आखणी अडली तेव्हा

कारखान्यातले किस्से सांगायला बसलं की संपत नाहीत. आमचा कारखाना म्हणजे घणसोली गावातली गणपतीची शेड. तिथे बावीस वर्षं मी मूर्तींचे डोळे रंगवते. आमच्याकडे त्याला आखणी म्हणतात. गेल्या वर्षी आषाढात माझा हात थांबला. ब्रश धरला की रडू यायचं, नाहीतर काहीच यायचं नाही, आणि हे दुसरं जास्त वाईट. कारण म्हणाल तर काही नव्हतं. कारण नाही म्हटल्यावर जो तो उपाय सांगायला मोकळा!

*

मालक दामूदादा इथलेच, आगरी. त्यांच्या मते माणसाचे सगळे आजार मासळी न खाल्ल्याने होतात.

"पोरी, सुका जवला खा. हात आपोआप चालंल."

आठ दिवस त्यांच्या घरून डबा आला. हात चालला नाही, पित्त मात्र झालं. मग श्रावण लागला आणि डबा बंद.

"आता गनपती झाल्यावं बगू तुजा काय ता," दादा म्हणाले.

शेडमध्ये दोनशे गणपती डोळ्यांवाचून उभे होते.

*

सुनंदा मूळची साताऱ्याची. ती पीतांबर रंगवते. तिला मी एकदा चुकून सांगितलं, मूड लागत नाही गं.

हातातला ब्रश न थांबवता ती म्हणाली, "अकरा वर्सं पिवळा लावतीया मी. मला कुणी इचारलंय का, सुनंदे, आज पिवळं वाटतंय का तुला?"

मी तिला पिवळ्याचा डबा भरून आणून दिला.

*

भाचीने मोबाइलवर टेन्शन घालवायचं अ‍ॅप टाकून दिलं. त्याने वीस प्रश्न विचारले. मी सगळ्यांची खरी उत्तरं दिली, झोपेची, भुकेची, रडण्याची. शेवटी सल्ला आला, रोज थोडा वेळ चित्र रंगवा. सोबत रंगवायला एक चित्रही होतं. गणपतीचं. डोळे तेवढे आधीच रंगवलेले होते.

*

त्यातच कामोठ्याच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी मूर्ती बघायला आले.

"मॅडम, आमच्या ए विंग आणि बी विंगचं पटत नाही. डोळे असे काढा की दोघांनाही वाटलं पाहिजे, बाप्पा आपल्याकडेच बघतोय."

"तिरळा काढू का?" मी विचारलं.

त्यांनी खरंच विचार केला. म्हणाले, कमिटीला विचारून सांगतो.

*

शेवटी दादांनी सांगून टाकलं, रविवारपर्यंत झालं नाही तर पेणचा माणूस आणणार. दुसऱ्याचा हात लागला की माझी जागा गेली, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मला फार भीती वाटली, पण भीतीनेही हात चालेना.

सोमवारी तो माणूस आला. पिकलेले केस, स्वतःचे ब्रश. मी मुद्दाम समोर जाऊन बसले. त्याने ब्रश बुडवला, धरून बसला, रंग वाळला. पुन्हा बुडवला. असा तास गेला. दादा कंटाळून बाहेर गेले तसा तो हळूच म्हणाला, "ताई, माझंपण होत नाही. दिवाळीपासून."

"मग आलात कशाला?"

"म्हटलं, जागा बदलली तर होईल."

माझं डोकंच फिरलं. माझी जागा घ्यायला माणूस आणला, तोही बिघडलेला! "सरका," म्हटलं आणि त्या रागात मी एका मूर्तीचा डावा डोळा काढला. मग हात पुन्हा थांबला. दोन्ही डोळे एकाच हाताने काढायचे, नाहीतर नजर जुळत नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी ब्रश त्याच्या हातात दिला.

"उजवा तुम्ही काढा."

त्याने ब्रश बुडवला. मग काढला. पाच वाजेपर्यंत असे सात गणपती झाले.

दादा आले. सातही मूर्तींसमोर थांबत थांबत गेले, आणि पेणच्या माणसाकडे बोट दाखवत, मला नीट ऐकू जाईल अशा बेताने सुनंदाला म्हणाले, "बग, याला म्हनतात एका हाताचा काम."