काचेआडचं ऊन

दवाखान्यात तिला सगळे ऊनवाली सिस्टर म्हणत. हाडं दुखतात, पाय भरून येतात, जिना चढवत नाही असं म्हणत कुणी आलं, की डॉक्टर रक्त तपासायला लावत आणि पुढचं सगळं हिच्यावर सोपवत. ही खुर्ची ओढून समोर बसायची. 'ड' जीवनसत्त्वाची पुडी आठवड्यातून एकदाच, दुधातून. रोज घेतलीत तर बाधेल, विसरलात तर हाडं बोंबलतील. आणि ऊन घ्यायचं ते उघड्यावर. "काचेतून आलेलं ऊन बिनकामाचं हो! ऊब लागते, बाकी डोंबल!" लोक हसायचे, पण ऐकायचे.

घरी मात्र तिची जीभ उचलायची नाही. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट कायमची बंद, आणि आईच्या गुडघ्यांनी कधीचेच हात टेकलेले. खोलीला खिडकी एकच, तीही न उघडणारी, जाड काचेची. सकाळी तिथे ऊन यायचं. आई बाह्या वर सारून, डोळे मिटून ऐटीत बसायची. "मी ऊन खातेय गं, चहा नंतर दे." अख्ख्या दिवसात म्हातारीला तेवढंच सुख, तेही कोणत्या तोंडाने काढून घ्यायचं? बसू दे बिचारीला, पुडी चालू आहेच की, असं लेकीने मनाशी ठरवून टाकलं. दर रविवारी दुधाच्या पेल्याशेजारी पुडी ठेवून ती ड्यूटीवर पळायची. परत आल्यावर पेला रिकामा दिसला की जीव भांड्यात पडायचा.

मग एका सकाळी आई नुसती खुर्चीतून उठायला गेली आणि कोसळली. खुबा मोडला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. हाड इतकं पोकळ, की स्क्रू धरणार नाही. हृदयाला भूल सोसणार नाही. घरी न्या, म्हणाले. अशी घरी पाठवलेली माणसं पुढे किती दिवसांची असतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

घरी आईला पलंगावर निजवून तिने खिडकीतली खुर्ची उचलली, तर खुर्चीवरच्या गादीखालून पुड्या घरंगळल्या. एकही फोडलेली नाही.

"आई, हे काय गं?"

"ज्यांच्या नशिबी ऊन नाही त्यांनी घ्यावी औषधं," आई म्हणाली. "मी तर रोज खाते. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून बोलले नाही. घेऊन जा, तुझ्या पेशंटना होतील."

ती खाली बसून पुड्या वेचू लागली. मेलं एक वाक्य! दिवसभर परक्यांपुढे घसा फोडून सांगायची, ते या खोलीत एकदा बोलली असती तर आई आज पायांवर उभी असती. आता बोलून काय उपयोग?

"पलंग तेवढा खिडकीशी लाव," आई म्हणाली. "महिनाभर चांगलं ऊन घेते, मग बघ कशी तुरुतुरु चालते ते."

तिने पलंग ओढला. पांघरूण बाजूला करून आईचे पाय उघडे केले.

"आलं का गं पायांवर?"

"आलं आई," ती म्हणाली. "भरपूर आलंय."