भिंतीकडे तोंड केलेला टेप

लोक आपल्या आईवडिलांच्या गाण्यांविषयी बोलायला लागले की त्यांचे डोळे लगेच ओले होतात. कुणाचे वडील रविवारी दाढी करताना नाट्यपदं गुणगुणायचे, कुणाची आई पोळ्या लाटताना रेडिओबरोबर गायची. अशा वेळी मी उठून चहाचे कप गोळा करायला लागते. आमच्या घरात पहाटेपासून गाणी वाजायची, पण माझ्या आईवडिलांनी त्यातलं एकही कधी ऐकलं नाही.

धुळ्यात आमचं घर गल्लीच्या तोंडाशी होतं. आजोबा वारल्यावर वडील आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे काका, यांचं पुढच्या ओट्यावरून बिनसलं. ओटा कुणाचा, एवढाच वाद. नातेवाइकांनी बसून घराच्या मधोमध भिंत घातली, ओटाही मधून चिरला, आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं. भिंत एका विटेची होती. पलीकडे कुणी खोकलं तरी इकडे कळायचं.

वडील हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे. संस्कार हा शब्द त्यांच्या तोंडात सुपारीसारखा कायम असायचा. भिंतीचं प्लास्टर वाळलं न वाळलं तोच त्यांनी टेपरेकॉर्डर आणला आणि फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवला. आम्ही घरातली माणसं त्याच्या पाठीमागे बसायचो. कॅसेटी सगळ्या भक्तिगीतांच्या. देव कुठला, गाणारा कोण, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. दुकानात ते फक्त एवढंच विचारायचे, की यात टाळ-मृदंग जोरात आहे ना. दुकानदाराला वाटायचं, गुरुजी मोठे भाविक आहेत.

काका कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते. काही दिवस त्यांनी सोसलं, मग जळगावला जाऊन दोन सुटे स्पीकर असलेला सेट आणला आणि कव्वाल्या लावायला सुरुवात केली. कव्वालीचा त्यांना फार नाद होता असं कुणी समजू नये. कव्वालीत टाळ्या असतात आणि टाळी भिंतीतून आरपार जाते, एवढंच त्यांनी हेरलं होतं. त्यामुळे आमच्या लहानपणी पहाटे देवाला जाग आणली जायची आणि त्याच क्षणी पलीकडून टाळ्या पडायच्या. शब्द एकाचेही कळायचे नाहीत. वडील डोळे मिटून मान डोलवत बसायचे, पण त्यांची बोटं आवाजाच्या बटणावर असायची.

आई यात गरीब गाय होती असं मला म्हणता येणार नाही. काकू धुणं वाळत घालायला बाहेर आली की आईची मान स्वयंपाकघरातून बाहेर यायची. ओला हात पदराला पुसून ती आवाज वाढवायची आणि परत भाकरी थापायला बसायची. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान असायचं, ते मी देवळातही कधी पाहिलं नाही.

काकांची मुलगी माझ्याच वयाची, माझ्याच वर्गात. घरासमोर आम्ही एकमेकींना ओळख द्यायची नाही, असा दोन्हीकडचा हुकूम होता. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. दहावीच्या वर्षी तर आम्ही दोघी शाळा सुटल्यावर तिथल्याच व्हरांड्यात अभ्यासाला थांबायचो, कारण दोघींच्याही घरी पुस्तकातली ओळ डोक्यात शिरत नव्हती. माझ्या वडिलांनी आपल्या हाताने किती मुलांना शिकवलं हे ते सगळ्यांना सांगत. स्वतःची मुलगी अभ्यासाला कुठे बसते, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

कॉलेज संपत आलं तेव्हा काकांच्या मुलीला बघायला चाळीसगावहून पाहुणे येणार असं ठरलं. तिनेच मला सांगितलं होतं. मुलगा तिला फोटोवरूनच आवडला होता, आणि काकूने घराला चुना मारून घेतला होता. ही बातमी आमच्या घरीही पोचली. भिंतच तशी होती. त्या दिवशी वडिलांनी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मला आधी वाटलं, पाहुण्यांसमोर घराणं एक दिसावं म्हणून भेटायला जात असतील. ते कपडेही न बदलता खिडकीशी बसून राहिले. पाहुण्यांची जीप गल्लीत वळली आणि त्यांनी कॅसेट घातली.

"आज तरी नको ना," मी म्हटलं.

"देवाचं लावायला मुहूर्त लागतो का?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

भिंतीपलीकडचं मला तुकड्यातुकड्यांनी ऐकू येत होतं. कुणी म्हातारा माणूस काहीतरी विचारायचा, ती उत्तर द्यायची, तो पुन्हा विचारायचा. शेवटी काकू तिला म्हणाली, जोरात बोल जरा. मुलगी दाखवायला बसवलेली आणि तिला ओरडून स्वतःचं नाव सांगावं लागत होतं. इकडे वडील मान डोलवत होते. त्यांना मी तोपर्यंत हट्टी समजत होते. त्या दुपारी कळलं की ते क्षुद्र आहेत, आणि ते कळल्यावर मला दुःखसुद्धा झालं नाही.

मी उठून मीटरपाशी गेले, फ्यूज उपटला आणि पिठाच्या डब्यात खुपसला.

टेप रडका सूर काढून थांबला. वडील म्हणाले, लाईट गेली वाटतं. तेवढ्यात पलीकडे मिक्सर सुरू झाला. त्यांनी मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या पिठाने भरलेल्या हाताकडे. ओरडण्याची सोय नव्हती. शिक्षकाच्या घरातला आरडाओरडा पाहुण्यांना ऐकू गेला असता, आणि इभ्रत ही त्यांची फार नाजूक जागा होती. ते दात खाऊन पंख्याशिवाय बसून राहिले. पलीकडून हसण्याचा आवाज आला. तिचाही होता त्यात.

संध्याकाळी काकू आली. भिंत झाल्यापासून तिने आमच्या दारात पाय ठेवला नव्हता. हातात पेढ्यांची बशी होती. पाहुण्यांनी होकार दिला होता. ती दारातच उभी राहून वडिलांना म्हणाली, "त्या म्हनतस, धाकलानी आज घरनी इज्जत राखी." धाकल्या भावाने आज घराची लाज राखली, असा काकांचा निरोप होता. मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल.

"आपल्याच घरची पोरगी आहे," वडील म्हणाले. "तेवढं कळतं आम्हाला."

मग त्यांनी पेढा उचलला, खाल्ला, आणि दुसरा घेतला. आईने बशी रिकामी परत देऊ नये म्हणून तिच्यात साखर घातली. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

लग्नात वडील फेटा बांधून मांडवाच्या तोंडाशी उभे होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, मोठ्या मनाने घ्यावं लागतं. ते मोठं मन पहिल्या पावसापर्यंतही टिकलं नाही. मोरीच्या पाण्यावरून पुन्हा जुंपली, आणि काकांकडे कव्वाली, आमच्याकडे टाळ-मृदंग परत सुरू झाले. काकांची मुलगी चाळीसगावला सुखात नांदते आहे. फोनवर बोलताना मागे टीव्ही चालू असेल तर ती आधी उठून तो बंद करते. माझ्या घरी गाणी लागत नाहीत. माझी मुलगी कानात इयरफोन घालून ऐकते आणि मला विचारते, तुला संगीत का आवडत नाही. मला संगीत आवडतं की नाही हे मला माहीतच नाही. मला त्याची कुणी ओळखच करून दिली नाही.

काका वारले. आईही गेली. वडील आता माझ्याकडे जळगावला असतात. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. ते मोबाईलवर काहीतरी वाजवत होते, सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं. मी त्यांना विचारलं, त्या कॅसेटींमधलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडायचं? त्यांनी आठवून पाहिलं. एकही गाणं सांगता येईना. मग धुळ्याच्या घरातल्या बोलीत, अगदी सहज, म्हणाले:

"आवडानं काय त्याम्हा? त्याले ऐकू जावाले पायजे व्हतं."

त्यात आवडायचं काय, भावाला ऐकू जायला हवं होतं, एवढंच. त्यांच्या आवाजात खंत नव्हती. ते वर्गात व्याकरणाचा नियम सांगावा तसं सांगत होते. आतून आमचा नंबर पुकारला, तेव्हा मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि आत नेलं.