चित्रातल्या माणसाचा उजवा हात

मॅडमना नमस्कार केला, की तो पुरा व्हायच्या आत त्या आपला हात हातात घ्यायच्या आणि अंगठ्याने एकेक सांधा दाबत जायच्या. "मेंदी छान रंगलीय, पण हे मधलं बोट सुजलंय. सोमवारी ओपीडीला ये," असं भर स्टेजवर नवरीला सांगणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. त्या संधिवाताच्या डॉक्टर. घाटकोपरच्या आमच्या हॉस्पिटलात शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांच्याशी हात मागे बांधूनच बोलायचे.

मी त्यांच्याकडे डेटा एंट्रीला होते. पेशंटचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचे आणि मॅडमच्या शोधनिबंधांची यादी ताजी ठेवायची, म्हणजे कुठला निबंध कुठे छापला आणि नंतर कोणी कोणी आपल्या लेखनात त्याचा संदर्भ दिला. संदर्भांचा आकडा वाढला की बाकीचे डॉक्टर खुशीत यायचे. मॅडमचा चेहरा पडायचा. "अगं, इतके लोक माझ्या भरवशावर लिहितायत. मी चुकले तर सगळे तोंडघशी पडणार ना!"

म्हणून त्या प्रत्येक संदर्भ स्वतः वाचून बघायच्या. एकदा परदेशातल्या कुणा डॉक्टरांनी मॅडमचं नाव घालून बरंच काही ठोकून दिलं होतं. मॅडमनी त्यांना पत्र लिहिलं, की मी एवढं म्हटलेलं नाही, माझं नाव काढा. लोक संदर्भासाठी ओळखी लावतात आणि आमच्या मॅडम मिळालेला परत करत होत्या! "आकडा एकाने कमी होणार, मॅडम," मी कुरकुरले. "झकास. तेवढं ओझं कमी."

सगळ्यात जास्त संदर्भ होते ते मरोळच्या शिलाई कारखान्यांतल्या बायकांवरच्या निबंधाला. संधिवात झाला की राबणारा हात जास्त सुजतो, असं त्यात दाखवलं होतं. मॅडमचा प्रोफेसरपदाचा अर्ज जायचा होता आणि यादीत हा निबंध पहिला होता. यादी मीच टाइप करत होते.

त्याच आठवड्यात त्या अभ्यासातल्या एक मावशी तपासणीला आल्या. मी कॉम्प्युटरवर बघून म्हटलं, "मावशी, तुमचा डावा हात जास्त दुखायचा ना?"

"डावो खंयचो, गो? उजवो! कात्री काय मी डाव्या हातान चालवतंय?"

मी जुना फॉर्म काढला. त्यावर माणसाचं चित्र असतं, आणि सुजलेल्या सांध्यावर डॉक्टर गोल करतात. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा. त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. नोकरीच्या पहिल्या महिन्यात हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्या महिन्यातले सगळे उजवे हात मी डावे करून ठेवले होते.

वाट लागली! माझी लागली असती तरी चाललं असतं, इथे मॅडमची लागणार होती. गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं, हेही मनात आलं, खोटं कशाला सांगू? पण तोंडघशी पडणारे ते सगळे लोक डोळ्यांसमोर आले. मी फॉर्म उचलला आणि त्यांच्या केबिनमध्ये जाऊन रडत रडत सगळं सांगितलं.

मॅडमनी फॉर्म पाहिला. पाणी प्यायल्या. "रडू नंतर. कपाट उघड. अर्ज थांबेल चार दिवस."

चार दिवस मी चित्रं बघून हात वाचत होते आणि मॅडम लिहीत होत्या. त्यांनी चहासुद्धा तिथेच मागवला. चौथ्या दिवशी नवा हिशेब लागला. त्यांनी दोनदा पाहिला, चष्मा काढला आणि खुर्चीत मागे टेकल्या. "अगं, निष्कर्ष तर आणखी पक्का झाला! तुझ्या उलट्या हातांनी फरक झाकला होता." मला हसावं की रडावं कळेना. छातीवरचा धोंडा उतरला आणि चार दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

तरीही त्यांनी मासिकाला दुरुस्ती पाठवलीच, आणि अर्जात तसं स्वच्छ लिहिलं. निवड समितीत कुणीतरी नाक मुरडलं म्हणे. पद मात्र मिळालं.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपसमारंभासाठी शेवटची यादी करताना ती छापलेली दुरुस्ती मी पहिल्यांदा उघडली. इतकी वर्षं धीरच झाला नव्हता. "माझ्याकडून झालेली चूक," असं मॅडमनी लिहिलं होतं. आणि शेवटच्या ओळीत, ती शोधून काढल्याबद्दल आभार, पुढे माझं नाव. आडनावासकट.

मी तशीच केबिनमध्ये गेले. "मॅडम, चूक माझी होती."

"मग? सापडली पण तुलाच. आणि तुला चित्र समजावून द्यायचं काम माझं होतं." मग सवयीने माझा हात घेऊन त्यांनी एकेक सांधा दाबला. "कीबोर्ड बडवतेस, मनगट सांभाळ."

आता त्या मुलुंडला घरी असतात आणि नव्या मुलींना फॉर्म मी शिकवते. म्हणते, गोंधळ झाला तर चित्रातल्या माणसाशी शेकहँड कर. तुझा उजवा हात तिरका जिथे जाईल, तो त्याचा उजवा. मुली हसतात. मी मात्र अजूनही प्रत्येक फॉर्मवर आधी हात पुढे करते, आणि कोणी बघत नसेल तर अंगठ्याने हळूच दाबूनही बघते.