सभेआधीच लिहिलेलं इतिवृत्त

मंडळी, आज चारला आमच्या तिरोड्याच्या कॉलेजात प्राध्यापकांची सभा होती. शिपाई सुखदेवभाऊ दोनलाच इतिवृत्ताचं रजिस्टर सहीसाठी घेऊन आले.

"सभा तर व्हायची आहे," मी म्हटलं.

"सभेसाठी कायले थांबता, मॅडम? सही करा."

रजिस्टरात आमचा मराठी विभाग बंद करायचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला होता. खाली ओळ होती, 'मराठीच्या मॅडमनी हरकत घेतली, पाणी पिऊन हरकत मागे घेतली.'

सही न करता मी सभेत गेले. उठून हरकत घेतली. कोणीच मान वर केली नाही. बोलता बोलता माझा घसा कोरडा पडला. सुखदेवभाऊंनी ग्लास पुढे केला.

पाणी संपलं तेव्हा मी खाली बसलेली होते.

तुमच्या कॉलेजात तुमचं मत आधीच कोण लिहून ठेवतं?